टिचकी एक नव्हे, दोन

एका दुकानाच्या संकेतस्थळावर खरेदी करताना रक्कम दोनदा वळती झाली, आणि ‘वयोमानाने माझीच काही चूक झाली असावी’, असे आमच्या एका ज्येष्ठ वाचक-भगिनींनी कळविले आहे. त्यांनी स्वतःस दोष देण्याचे मुळीच कारण नाही.

२००१ साली हैदराबादेत ई-सेवा केंद्रे निघाली, तेव्हा आपण खिडकीबाहेर उभे राहून बिले भरीत असू. बटण दाबणे हे आतल्या कारकुनाचे काम. आता ते घरोघरी येऊन पडले आहे. तेव्हा त्या बटणामागे काय चालते, हे घरातल्यांनीही जाणून घेणे अगत्याचे झाले आहे.

पडद्यावरील बटणाला स्वतःची अक्कल बेताचीच असते. त्यावर माउसची टिचकी पडली, एवढी वर्दी ब्राउझर देतो. पुढे काय करावयाचे, ते बहुधा पानासोबत आलेली जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावली ठरविते. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना सिद्ध केला. इतक्या घाईने उभ्या केलेल्या घरात आज सारे जग नांदते आहे, याचे नवल वाटते.

वर्दीचा प्रवासही मोठा गमतीचा आहे. जुन्या देवडीत पाहुणा आल्याची वर्दी दारावरून चौकात, चौकातून आतल्या दालनात जाई आणि निरोप त्याच वाटेने बाहेर येई. टिचकीची वर्दी बाहेरून आत जावी, असे नेटस्केपचे म्हणणे. ती आतून बाहेर यावी, असे मायक्रोसॉफ्टचे. २००० साली प्रमाणित झालेल्या नियमांनी दोघांचाही मान राखला: वर्दी आधी आत जाते, मग बाहेर येते. वाटेतल्या प्रत्येक दालनाला तिच्यावर काम करता येते. नको असेल तेथे ती अडविण्याची तजवीज लिहिणाऱ्याने करावयाची असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विंडोजवर संगणक शिकलेल्या पिढीच्या बोटांना फाइल उघडण्यासाठी जोडटिचकी मारण्याची सवय जडली आहे. संकेतस्थळाच्या बटणाला मात्र एकच टिचकी पुरते. जोडटिचकी मारली, की ब्राउझर आधी दोन स्वतंत्र टिचक्यांच्या दोन वर्द्या देतो आणि नंतर जोडटिचकीची तिसरी. ‘टिचकी पडताच पैसे घ्या’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती आज्ञा दोनदा पाळली जाते. यंत्र आज्ञाधारक खरे, पण विचारी नव्हे!

पहिल्या टिचकीसरशी बटण निकामी करावे, हा यावरचा सोपा उपाय. पण तेवढ्यावर विसंबणे बरे नव्हे, कारण पान मध्येच अडले तर माणूस ते पुन्हा उघडतो आणि बटण पुन्हा ताजेतवाने होते. म्हणून दुकानाच्या संगणकानेच प्रत्येक व्यवहाराला आगाऊ क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाची दुसरी मागणी नाकारावी. हे काम दुकानदाराचे आहे, गिऱ्हाइकाचे नव्हे. माधापूर-गच्चीबावलीच्या कचेऱ्यांत आपल्या घरची मुले अशीच पाने लिहितात. त्यांना जेवताना हे अवश्य विचारावे.

आमच्या भगिनींनी दोन्ही पावत्यांवरील व्यवहार-क्रमांक आणि वेळ टिपून दुकानाला व बँकेला लेखी कळवावे. दोन्ही वेळांत एखाद्या सेकंदाचेच अंतर असेल, तर ते तक्रारीत ठळकपणे लिहावे. इतक्या अवधीत कोणी तीच वस्तू विचारपूर्वक दुसऱ्यांदा विकत घेत नाही.