परमुलखातील वाढदिवस

आपल्या समाजात पूर्वी वाढदिवसाचे फारसे कौतुक नसे. सकाळी देरासरात किंवा स्थानकात जाऊन यावे, महाराजसाहेब गावात असतील तर मांगलिक ऐकावे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे, गोशाळेत चारा पाठवावा आणि घरी लापशी करावी, एवढ्यात तो दिवस सरत असे. त्यासाठी बाहेरच्या कोणाची गरज भासत नसे. आता जळगाव-धुळ्याच्या पुष्कळ घरांतील मुले नोकरीनिमित्त परदेशी आहेत. अमेरिका, दुबई अशा ठिकाणी आपल्या लोकांची वस्ती मोठी; वाढदिवसाला दहा घरे सहज जमतात. मेक्सिकोमध्ये तसे नाही. मॉन्तेरे, ग्वादालाहारा या शहरांत भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आहेत आणि त्यांच्यामुळे काही मराठी कुटुंबे तेथे राहतात. पण ती थोडी आणि विखुरलेली. मुलाच्या वाढदिवसाला बोलवायचे तर शेजारचे मेक्सिकन कुटुंबच बोलवावे लागते. मग आहाराचे नियम सांभाळून त्यांच्या पंगतीला बसावे कसे, आणि त्यांना आपल्या पंगतीला बसवावे कसे, हा प्रश्न उभा राहतो.

प्रथम त्यांची रीत समजून घेऊ. मेक्सिकोत वाढदिवस हा सर्वांचा सोहळा असतो. पहाटे घरचे लोक ‘लास मान्यानितास’ हे पारंपरिक गीत गाऊन वाढदिवस असलेल्याला जागे करतात. केक कापतानाही तेच गीत गातात. मुलगी पंधरा वर्षांची झाली की ‘किन्सेआन्येरा’ नावाचा मोठा समारंभ होतो. त्याचा खर्च पुष्कळदा एकटे आईबाप उचलत नाहीत. कोणी केकचा, कोणी संगीताचा, कोणी पोशाखाचा भार घेतो. त्यांना ‘पाद्रिनो’ म्हणतात. आपल्या पत्रिकांवर ‘लाभार्थी परिवार’ म्हणून नावे छापलेली असतात, त्यांची येथे आठवण होते.

मुलांच्या वाढदिवसाचे मुख्य आकर्षण म्हणजे ‘पिन्याता’. जुन्या पद्धतीत मातीच्या मडक्याला रंगीत कागद लावून ते दोरीने टांगीत. आता बहुधा पुठ्ठ्याची पिन्याता असते. डोळ्यांवर पट्टी बांधलेले मूल काठीने ती फोडते आणि आतला खाऊ खाली सांडतो. दहीहंडी पाहिलेल्या आपल्या मुलांना हा खेळ परका वाटत नाही. पारंपरिक पिन्यातेला सात शिंगे असतात, आणि ती सात पापांची प्रतीके मानली जातात : गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस. पाठशाळेत सप्तव्यसनांचा आणि क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांचा पाठ घेतलेल्या मुलाला ही यादी बरीच ओळखीची वाटेल.

अडचण येते ती ताटात. केकमध्ये अंडे असते. मुलांच्या मेजवानीत ‘हेलातिना’ नावाचा रंगीबेरंगी, थलथलणारा गोड पदार्थ हमखास असतो. तो जिलेटिनचा, म्हणजे प्राण्यांच्या कातडीपासून व हाडांपासून केलेला. मक्याच्या पिठाच्या तामालेसमध्ये आणि परतलेल्या राजम्यात अनेकदा डुकराची चरबी घालतात. तिला ‘मान्तेका’ म्हणतात. भात पुष्कळ घरी कोंबडीच्या अर्कात शिजवतात. लाल मिठाईचा रंगही तपासावा लागतो. निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढलेला ‘कार्मिन’ रंग ही मेक्सिकोचीच जुनी देणगी आहे. शिवाय समारंभ संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालतो. चौविहार करणाऱ्याने काय करावे?

माझ्या धुळ्याच्या भाच्याचे कुटुंब ग्वादालाहारात राहते. पहिल्या वर्षी भाचेसुनेने वाढदिवसाची प्रत्येक आमंत्रणे प्रकृतीचे कारण सांगून टाळली. खरे कारण सांगण्याचा तिला संकोच वाटत होता. शेजाऱ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की, या मंडळींना आपल्यात मिसळायचे नाही. हळूहळू आमंत्रणे थांबली. नातवाचा सातवा वाढदिवस जवळ आला तेव्हा त्याने आईला विचारले, “माझ्याकडे कोण येणार?” त्या प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नव्हते.

तेव्हा भाचेसून स्वतः शेजारच्या बाईंकडे गेली. आम्ही काय खातो, काय खात नाही आणि सूर्यास्तानंतर का जेवत नाही, हे तिने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये समजावून सांगितले. त्या बाईंना राग आला नाही. वर्षभर हे सांगितले का नाही, एवढेच वाईट वाटले. त्यांनीच तोडगा सुचवला. मेक्सिकोत मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या सुमारास असते, तेव्हा वाढदिवस रविवारी दुपारीच करावा. अंड्याऐवजी आटवलेले दूध घालून केक घरी झाला. पिन्याता शेजाऱ्यांनी आणली. खाऊ भाचेसुनेने निवडून भरला. कांदा-लसणाविना वरण-बट्टी केली. बट्टी तुपात बुडवून खाण्याची कल्पना पाहुण्यांना इतकी आवडली की दोन घरांनी कृती लिहून नेली. जळगावात सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तेथे आदल्या दिवसाचे सायंकाळचे सात झालेले असतात. त्यामुळे येथील आजी-आजोबांचा आशीर्वाद त्या मुलाला सर्वांच्या आधी पोहोचला. त्यानंतर शेजाऱ्यांच्या घरून आमंत्रण येते तेव्हा या तिघांसाठी साध्या पाण्यात शिजवलेला भात वेगळ्या भांड्यात ठेवलेला असतो.

शोधले तर आपल्या चालीचे पदार्थ तेथेही सापडतात. ‘आलेग्रिया’ ही लाह्या फुटलेल्या राजगिऱ्याची वडी आपल्या राजगिरा चिक्कीची सख्खी बहीण होय. राजगिरा मुळात त्याच भूमीतून जगभर गेला. मात्र तिच्यात गूळ आहे की मध, हे विचारून घ्यावे, कारण मध आपल्याला वर्ज्य. ‘आर्रोस कोन लेचे’ म्हणजे दालचिनी घातलेली तांदळाची खीरच. तिच्यात अंडे घातलेले नाही ना, एवढे पाहावे. ‘सिन वेवो’ म्हणजे अंड्याविना, ‘सिन मान्तेका’ म्हणजे चरबीविना, ‘सिन ग्रेनेतिना’ म्हणजे जिलेटिनविना. हे तीन शब्दप्रयोग पासपोर्टाइतकेच जवळ बाळगावेत.

मेक्सिकोत मराठी माणसाने घर करण्याची गोष्ट आजची नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ च्या सुमारास तेथे पोहोचले. ब्रिटिश सरकारमुळे मायदेशाचे दार त्यांना बंद होते. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मका व गव्हाच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. थोर चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचे स्नेही होते. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरांनी ‘आमची रोजची भाकरी’ या अर्थाचे नाव असलेले भित्तिचित्र रंगवले. त्यात भोजनाच्या मेजाशी बसून सर्वांसाठी भाकरी मोडणारे गृहस्थ खानखोजे आहेत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ते परतले आणि १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. परक्या देशाने एका मराठी माणसाला आपल्या भोजनाच्या मेजावर मानाची जागा दिली, कारण तो आधी त्यांच्या शेतात उतरला होता.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज मारवाड-गुजरातेतून खानदेशात आले, तेव्हा तेही परमुलखातच आले होते. त्यांनी गावोगाव दुकाने मांडली, अहिराणी आत्मसात केली, कापसाच्या आणि धान्याच्या व्यवहारात शेतकऱ्याचा विश्वास मिळवला. अक्षय्य तृतीयेला आपल्या घरी वर्षीतपाचे पारणे असे आणि त्याच दिवशी गावात आखाजीचे झोके बांधलेले असत. दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या दारी जात. आपल्याकडे काय चालते आणि काय चालत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होते, कारण आपल्या वाडवडिलांनी ते कधी लपवले नाही. नियम पाळल्यामुळे त्यांचा स्नेह तुटला नाही. उलट शब्दाला आणि व्रताला पक्का माणूस अशी त्यांची पत वाढली.

बँकेत इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट मनावर ठसली आहे. आपली अडचण जो आधीच मोकळेपणाने सांगतो, त्याच्यासाठी मार्ग काढता येतो; जो तोंड चुकवतो, त्याच्याविषयी शंका वाढत जाते. परदेशी गेलेल्या मुलांना आपण पापड, मसाले आणि नवकाराची पुस्तिका आठवणीने देतो. त्यांच्यासोबत एवढा सल्लाही द्यावा : नव्या गावी पोहोचल्यावर शेजाऱ्यांचे आमंत्रण येण्याची वाट पाहू नका, पहिले आमंत्रण तुम्ही द्या, दुपारचे द्या, आणि आपला नियम पहिल्याच भेटीत हसतमुखाने सांगा.