तात्पुरता शेअर

गेल्या शनिवारची गोष्ट. पुढ्यात गरमागरम पोहे, आणि फोन वाजला. शनिवारी सकाळी हापिसातून फोन म्हणजे पोह्यांवर पाणी, हे अनुभवी वाचकांना सांगायला नकोच. एका जुन्या ग्राहकाच्या गोदामात रात्रीच्या ऑर्डरी अर्ध्याच पोचल्या होत्या. एरर कुठेही नाही. दोन्हीकडचे लॉग म्हणत होते, सब कुछ ठीक है!

या ग्राहकाकडे एएस/४०० आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे मशीन पाहिलं नसेल. आयबीएमनं ते १९८८ साली काढलं. मेनफ्रेमपेक्षा लहान, पीसीपेक्षा बरंच मोठं, म्हणून मिडरेंज. पुढे नावं बदलत गेली आणि २००८ पासून ते पॉवर सर्व्हरवर 'आयबीएम आय' म्हणून चालतं. जुनी मंडळी मात्र अजून एएस/४००च म्हणतात (आणि मीही त्यांच्यातलाच). हे मशीन वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं, आणि इतकं मुकाट चालतं म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघत नाही.

मुळात इथे सगळा कारभार लायब्ररी आणि ऑब्जेक्ट यांचा. आपल्या ओळखीच्या, एकात एक डिरेक्टऱ्यांचा आयएफएस १९९४ मध्ये आला. त्यानंतर नेटसर्व्हर आला, म्हणजे हे मशीन विंडोजच्या नेटवर्कवर दुसऱ्या एखाद्या विंडोज सर्व्हरसारखंच दिसायला लागलं. उलट दिशेनं जायचं तर क्यूएनटीसी नावाची फाइल सिस्टिम आहे, तिच्यातून एएस/४०० विंडोजवरचे शेअर वाचतो. तिची गंमत अशी की केर्बेरॉसची व्यवस्था केली नसेल तर दोन्हीकडे युजर आणि पासवर्ड सारखेच लागतात. एकीकडचा पासवर्ड बदलला की रात्रीचा जॉब आडवा. आणि तिथे हातानं तयार केलेली सर्व्हरची डिरेक्टरी मशीन आयपीएल, म्हणजे रीस्टार्ट, केलं की गायब! ज्यानं ती केलेली असते तो तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

एबसिडिकचा घोळ वेगळाच. आपल्या आस्कीमध्ये कॅपिटल ए म्हणजे ६५, तिथे १९३. शेअर बिचारा बाइट पोचवतो, सांगितल्याशिवाय भाषांतर करत नाही. फाइलवर सीसीएसआयडीचा शिक्का चुकीचा पडला की नोटपॅडमध्ये अगम्य रांगोळी दिसते. पण तो घोळ निदान दिसतो तरी. सॉर्टिंगचा दिसत नाही. आस्कीत आकडे अक्षरांच्या आधी येतात, एबसिडिकमध्ये नंतर. सॉर्ट केलेली फाइल इकडून तिकडे गेली आणि पलीकडच्या प्रोग्रॅमनं त्या क्रमावर विश्वास ठेवला, तर काही रेकॉर्ड चुपचाप गळतात.

असो. आमच्या अर्ध्या ऑर्डरींचं कारण याहून साधं निघालं. एएस/४०० शेअरवर फाइल लिहितो, विंडोजवरचा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी डोकावतो आणि फाइल दिसली की उचलतो. फाइल दिसली म्हणजे ती पुरी झाली, हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. ऑर्डरी कमी होत्या तोवर लिहिणं क्षणात उरकायचं. त्या रात्री महिनाअखेर होती. आधी दुसऱ्या नावानं लिहून पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं, एवढाच उपाय. दुपारपर्यंत काम झालं.

पण खरा धक्का पुढे होता. शेअरची यादी चाळताना दिसलं की रूटच, म्हणजे मशीनच्या घराचा अख्खा दरवाजाच, शेअर केलेला आहे. वाचायला आणि लिहायलासुद्धा. वर्णनात लिहिलेलं, 'तात्पुरता, टेस्टिंगसाठी'. खाली आद्याक्षरं. माझीच!! आठ वर्षांपूर्वीची.

'एएस/४००ला व्हायरस लागत नाही' हे आमच्या धंद्यातलं लाडकं वाक्य, मीही ग्राहकांना ऐकवलेलं. ते अर्धंच खरं आहे. पीसीवरचं रॅन्समवेअर एएस/४००वर चालत नाही हे कबूल. पण त्याला तिथे चालायची गरजच काय? ज्या पीसीवर हा शेअर ड्राइव्ह म्हणून जोडलाय, तिथे बसून ते त्या युजरच्या अधिकारात फाइली कुलूपबंद करू शकतं. त्यात रूटवर सर्वांना पूर्ण अधिकार ही मशीनची मूळची सेटिंग, आणि युजरला *ऑलऑब्ज देऊन ठेवलेलं असेल तर बघायलाच नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायनं एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा आम्ही विंडोजचे पॅच तपासत रात्र काढली होती. हा शेअर तेव्हाही होता. तिकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.

म्हणून माझं मत आता पक्कं झालंय. शेअर द्यायचा तो एका डिरेक्टरीचा, शक्यतो फक्त वाचण्यापुरता, आणि तो कोणाचा आहे हे लिहून. मशीन-मशीनमधल्या देवाणघेवाणीला तर तो वापरूच नये. फाइल पाठवावी आणि पोच घ्यावी. आमचा एक मित्र म्हणतो, "अरे, शेअर पाच मिनिटांत होतो, एसएफटीपीच्या चाव्या आणि परवानग्यांत आठवडा जातो." खरंय त्याचं. शिवाय अर्धी फाइल एसएफटीपीवरही उचलली जाऊ शकते. पण त्या आठवड्यात निदान चार माणसं एकमेकांना विचारतात की कोण काय पाठवणार, कधी, आणि नाही आलं तर कोणाला फोन करायचा. पाच मिनिटांच्या शेअरमध्ये हे कुणीच विचारत नाही.

सोमवारी ग्राहकाला विचारून रूटचा शेअर काढला. तासाभरात दोन फोन आले. पहिला अकाउंट्समधल्या मॅडमचा. त्यांची एक्सेल शीट कित्येक वर्षं तिथूनच आकडे ओढत होती, आणि हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना त्यांच्या डिरेक्टरीपुरता, फक्त वाचायचा शेअर करून दिला. दुसऱ्या फोनचं अजून निस्तरतोय.