टरफलातला धागा

मुंबईच्या ससून गोदीत पहाटे बोटी लागतात आणि थोड्याच वेळात कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांच्या रांगा बसतात. बर्फाच्या पाण्याने गारठलेले त्यांचे हात भराभर चालतात. सोललेली कोळंबी टोपल्यांतून पुढे जाते. डोकी आणि टरफले यांचा ढीग मागे उरतो. कोळंबीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग या ढिगात जातो. तो कुजू लागला की दुर्गंधी सुटते, म्हणून आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो.

या टरफलांत कायटिन नावाचा एक चिवट पदार्थ असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांना तो 1811 साली प्रथम अळिंबीत आढळला. तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटिनपासून कायटोसान तयार होते. कोची येथे 1957 साली स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या टरफलांपासून ते मिळवण्याचे तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे. कायटोसान, रेशमातील व मक्यातील प्रथिने, जिलेटिन अशा सजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांना नैसर्गिक बहुवारिके म्हणतात. आज त्यांच्यापासून धागे काढले जात आहेत.

ही सूतकताई विजेच्या बळावर होते. तिला इलेक्ट्रोस्पिनिंग असे नाव आहे. जत्रेत साखरेचे ‘म्हातारीचे केस’ बनताना आपण पाहतो. तेथे फिरत्या चक्रामुळे साखरेचा पाक बाहेर फेकला जाऊन त्याचे तंतू होतात. येथे ओढण्याचे काम वीज करते. पदार्थाचे द्रावण पिचकारीत भरतात आणि तिच्या सुईला साधारणपणे दहा ते तीस हजार व्होल्टचा विद्युतदाब देतात. सुईच्या टोकावरील थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून एक बारीक धार निघते आणि हवेत वेटोळे घेत धावते. वाटेतच द्रावक उडून जातो व समोरच्या धातूच्या पत्र्यावर कोरड्या तंतूंचे जाळे साठते. या पद्धतीचे एक महत्त्वाचे पेटंट अँटन फॉर्महाल्स यांना अमेरिकेत 1934 साली मिळाले होते. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. हे तंतू बहुधा काहीशे नॅनोमीटरचेच असतात.

एवढ्या बारकाईचा उपयोग काय? आपल्या शरीरातील पेशींभोवतीही अशाच सूक्ष्म तंतूंचे जाळे असते. त्यामुळे जखमेवर असे जाळे ठेवल्यास नव्या पेशींना आधार मिळू शकतो. हवा आत येते आणि जखमेतील स्राव शोषला जातो. कायटोसान रक्तस्राव थांबवण्यास मदत करते. तंतूत औषध मिसळले तर ते हळूहळू सोडता येते. अन्नाच्या क्षेत्रातही प्रयोग चालू आहेत. मक्यातील झीन या प्रथिनाच्या तंतूत माशाचे तेल बंदिस्त केले की ते हवेने लवकर खवट होत नाही.

ही आशा खोटी नाही. मात्र तिच्याबरोबर येणाऱ्या ‘नैसर्गिक’ या शब्दाने आपण निश्चिंत होऊ नये, असे मला वाटते. हा शब्द कानाला गोड लागतो आणि पुढचे प्रश्न विचारायची गरजच उरली नाही, असा भास निर्माण करतो. कोलॅजेनचे उदाहरण पाहा. हे आपल्या त्वचेतील आणि हाडांतील प्रथिन. त्याचे तंतू काढण्यासाठी अनेक प्रयोगशाळांत फ्लोरिनयुक्त तीव्र द्रावक वापरले जात. या प्रक्रियेत कोलॅजेनची तीन पदरी वीण उसवते आणि हाती जवळजवळ जिलेटिनच येते, असे काही संशोधकांनी 2008 साली दाखवून दिले. आरंभीचा पदार्थ नैसर्गिक होता. अखेरचा तसा राहिला नाही. कायटोसानचाही निव्वळ धागा सहजासहजी निघत नाही, म्हणून त्यात अनेकदा कृत्रिम बहुवारिक मिसळावे लागते. टरफले स्वच्छ करताना आम्ल आणि अल्कली वापरतात. ते पाणी तसेच खाडीत सोडले तर एक कचरा संपवून आपण दुसरा निर्माण करू.

म्हणून असा पदार्थ आपल्या जखमेवर किंवा ताटात येण्यापूर्वी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. द्रावक कोणता वापरला? त्याचा अंश उरला आहे का? कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी तिची प्रथिने पूर्णपणे काढून टाकली आहेत का? इतक्या शंका घेतल्या तर संशोधनच खुंटेल, असे काहीजण म्हणतील. अनुभव तसा नाही. शंका घेतल्या गेल्या म्हणूनच सौम्य द्रावकांकडे संशोधक वळले. झीन तर मद्यार्क आणि पाणी यांच्या मिश्रणातही विरघळते. खरी अडचण वेगाची आहे. एका सुईतून तासाभरात जेमतेम ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी तंतू मिळतात. त्यामुळे वस्तू महाग पडते आणि गरजूंपर्यंत पोचत नाही.

शेवटचा प्रश्न गोदीतल्या त्या स्त्रियांचा आहे. टरफले कवडीमोल होती तेव्हा ती त्यांच्या पायाशी पडून होती आणि दुर्गंधीही त्यांनीच सोसली. उद्या त्यांपासून मौल्यवान मलमपट्टी तयार होईल, तेव्हा त्या मोलातील काही वाटा त्यांच्या मजुरीत उतरेल का? टरफले वेगळी ठेवण्याचे, धुण्याचे आणि वाळवण्याचे काम त्यांच्या सहकारी संस्थांकडे देता येईल. विज्ञानाने टरफलातला धागा शोधून काढला. तो धागा कोळंबी सोलताना चिरलेल्या बोटांवरची पट्टी होऊन परत येईल की नाही, हे मात्र आपल्या सर्वांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे.