पनवेलचे वाडे राहते ठेवा

शिरढोणचा फडके वाडा जपला गेला, कारण १८४५ मध्ये तिथे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत जन्मले. ते योग्यच झाले. पण जुन्या पनवेलच्या उरल्यासुरल्या वाड्यांत कोणी थोर पुरुष जन्मला नाही, म्हणून ते पाडायला मोकळे, हे मला मान्य नाही. बंदर आणि पुण्याच्या वाटेवर वाढलेल्या, १८५२ मध्येच नगरपालिका मिळालेल्या या गावात व्यापारी आणि कारागीर कसे राहत होते, हे कळायला त्यांची घरेच हवीत.

हे वाडे पावसाळ्यात धोकादायक होतात, असा आक्षेप असतो. काही खरोखरच झालेले असतात, आणि माणसाच्या जिवापुढे कोणताच वारसा मोठा नाही. पण ते असे का झाले, हेही पाहायला हवे. दगडी जोते जमिनीची ओल वर चढू देत नाही. सागवानी खांब मातीत न पुरता तळखड्यावर उभा असतो. चुन्याची भिंत भिजते तशी वाळतेही. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि भिंतीत गेलेली तुळईची टोके कुजू लागतात. मग दोष घराच्या वयाला दिला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मालकाने पदरमोड किती करायची? त्यातून एका वाड्याला दहा वारस. यावर उपाय म्हणजे वाडा वापरात ठेवणे. इंग्लंडमधल्या बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही दगडी घरांची रांग चौदाव्या शतकात लोकरीचे कोठार होती. सतराव्या शतकात तिथे विणकरांची घरे झाली, म्हणून ती टिकली. आपणही ओटीवर दुकान, माजघरात अभ्यासिका, माडीवर दवाखाना होऊ द्यावा. सोडलेल्या चटईक्षेत्राचा मोबदला हस्तांतरणीय विकास हक्कांतून द्यायची सोय राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत आहे. पण तिचा लाभ मिळायला घर आधी वारसा यादीत यावे लागते. म्हणून महापालिकेने जुन्या गावठाणाची घरोघर पाहणी करावी, आणि धोकादायक इमारतीची नोटीस काढण्यापूर्वी चुन्याचे बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याकडून दुरुस्तीचा अंदाज घ्यावा.