शिबिरानंतरचा खर्च कोण करणार?

जुलै उजाडला की तालुक्याच्या गावांत पदग्रहण समारंभाचे फ्लेक्स लागतात. रोटरी असो वा लायन्स, वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अध्यक्ष साधारणपणे दरवर्षी बदलतो. मग वह्यावाटप, चष्मेवाटप, बालआरोग्य शिबिर. ही मंडळी पदरचा पैसा आणि वेळ घालतात, हे मान्यच. तो पैसा चुकीच्या टोकाला खर्च होतो, एवढंच म्हणायचं आहे.

१. मुलांच्या तपासणीची व्यवस्था सरकारकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जाणं अपेक्षित असतं. दोष सापडला तर मूल पुढे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवलं जातं. बऱ्याच शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मोफत होतात. तरीही मुलं मधेच गळतात, कारण गाडीभाडं, बुडालेली रोजंदारी, शहरात चार रात्री काढण्याची सोय आणि घरी ठेवलेली धाकटी भावंडं यांचं सगळं बिल योजनांत बसत नाही. क्लबाने पैसा इथे घालावा.

२. जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाचं उदाहरण घ्या. पोन्सेटी पद्धतीने हे पाऊल सरळ होतं. दर आठवड्याला नवं प्लॅस्टर, असे पाच-सहा आठवडे. बहुतेकदा टाचेच्या शिरेवर एक लहानसा छेद. त्यानंतर पट्टीला जोडलेले खास बूट: पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळू लागतं. आता हिशेब करा. प्लॅस्टरसाठी आई बाळाला घेऊन दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी येणार, म्हणजे शेतावरचा एक दिवस गेला. मूल वाढतं तसे बूट बदलायचे, तो खर्च वेगळाच. एका रविवारच्या शिबिरात यातलं काय बसतं? बाळ कितीही रडलं तरी बूट काढू नका, हे सासूबाईंना समजावणारं माणूसही त्या घरी जायला हवं. क्लबात निवृत्त शिक्षक असतातच.

३. चष्म्याचा नंबर बदलतो, कॅलिपर आखूड पडतं, जयपूर फूट लहान होतो. मुलांसाठी केलेलं कोणतंही वाटप एकदाच करून भागत नाही.

४. मोठ्या अनुदानांची ओढ जरा आवरा. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटला किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प आणि परदेशी भागीदार लागतो. त्यातून यंत्रं छान येतात, यंत्रावर पाटीही छान बसते. गाडीभाड्याला पाटी लावता येत नाही, म्हणून ते राहून जातं. त्यासाठी क्लबाचा स्वतःचा छोटा निधी पुरेल. तो रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांच्या सल्ल्याने द्यावा. कोणतं कुटुंब कुठे अडलंय हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

५. पाकीट स्वीकारणाऱ्या मुलाचा फोटो नको. क्लबाच्या बुलेटिनमध्ये किती मुलांचे उपचार पूर्ण झाले, तो आकडा छापा.

६. ‘दरवर्षी अध्यक्ष बदलतो, चार वर्षांची जबाबदारी कोण घेणार?’ हा आक्षेप येणारच. त्याला उत्तर रोटरीच्याच इतिहासात आहे. पोलिओ निर्मूलनाची ‘पोलिओप्लस’ मोहीम रोटरीने १९८५ मध्ये सुरू केली. भारतातला वाइल्ड पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह आग्नेय आशिया प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. तेवढ्या काळात प्रत्येक क्लबात किती अध्यक्ष आले-गेले असतील! तरी बूथवर माणसं उभी राहिली, कारण ते काम कोणा एका अध्यक्षाचं नव्हतं. तालुक्यातल्या उपचार चालू असलेल्या पंधरा-वीस मुलांची यादी अशीच पुढे का चालू नये? पुढच्या वर्षीचा अध्यक्ष आधीच निवडलेला असतो, मागचा कार्यकारिणीत असतोच. त्या यादीवर तिघांनी सही करावी.

पदग्रहणाचं जेवण थोडं साधं ठेवा आणि पहिल्याच बैठकीत हा प्रवासनिधी मंजूर करून घ्या. शिबिरं पुढच्या वर्षी घेतली तरी चालतील.