भगरीचं विष चुलीवर मरत नाही

नवरात्र तोंडावर आलं की पिशोरच्या किराणा दुकानांत भगरीची पोती पुढे येऊन बसतात. नाचनवेल, करंजखेड, चिंचोली लिंबाजीकडची माणसं बाजाराला आली की किलो-दोन किलो बांधून नेतात. घरात उपास धरणारी तीन-चार माणसं, नऊ दिवस काढायचे, आणि भगर झटपट होते. माझं म्हणणं उपासाबद्दल नाही. ती भगर पिशवीत पडण्याआधी दुकानात दोन मिनिटं जास्त थांबा, एवढं सांगायचं आहे.

2024 चा फेब्रुवारी आठवून बघा. 6 तारखेला एकादशी होती. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत महाप्रसाद झाला आणि रात्रीतून आसपासच्या गावांतली मिळून दोन हजारांच्या घरात माणसं मळमळ, उलट्या-जुलाबांनी हैराण झाली. पुढची एकादशी 20 तारखेची. त्या रात्री बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताहात भगर-आमटीची पंगत उठली आणि शेकडो लोक आजारी पडले. बीबीच्या दवाखान्यात खाटा पुरेनात, म्हणून बाहेर दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या टांगल्या. तो फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, चार दिवस हळहळ झाली, आणि पुढच्या एकादशीला पुन्हा भगर शिजली.

आपल्याकडे एक पक्का समज आहे: रटरट शिजवलं की सगळं मरतं. हा समज अर्धाच खरा आहे. उकळीत बहुतेक जंतू मरतात, बुरशीही मरते. पण बुरशीनं दाण्यात आधीच सोडून ठेवलेलं विष आपल्या चुलीच्या आचेनं जात नाही. विंचू मारला म्हणून चढलेलं विष उतरत नाही, तसंच हे. भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यातून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं तयार होतात, असं राज्याचं अन्न व औषध प्रशासन सणावाराच्या आधी सांगत असतं. ऑक्टोबरची उष्ण-दमट हवा त्या बुरशीला मानवते. म्हणजे ऐन नवरात्रात. भगर बाधलेल्या माणसाला नुसत्या उलट्या होत नाहीत. चक्कर येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. ‘उपाशीपोटी पित्त झालं’ म्हणून घरी झोपवून ठेवतात ते याच लक्षणांना.

तेव्हा राखण चुलीच्या आधी करायची. भगर म्हणजे साल काढलेली वरई. साल गेली की दाणा उघडा पडतो आणि हवेतला ओलावा ओढतो. पीठ तर त्याहून जास्त ओढतं. म्हणून दळलेलं भगरीचं पीठ विकत आणू नका, आणि घरची भगरही लागेल तेवढीच दळा. महिनाभराचं पीठ करून ठेवायचं, ही सोय महागात पडते. सुटी भगर स्वस्त मिळते हे खरं, पण उघड्या पोत्यातला माल गेल्या नवरात्रातला आहे की यंदाचा, हे दुकानदारालाही नेहमी सांगता येत नाही. बंद पाकीट घ्या. त्यावर कंपनीचं नाव-पत्ता, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायची ती मुदत आणि 14 आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघा. चष्मा विसरला असेल तर सोबतच्या शाळकरी पोराला वाचायला लावा. बिल मागा. दुकानदार हसेल, हसू द्या.

घरी आणल्यावर निवडून, स्वच्छ धुऊन घ्या. गुठळी झालेली, कुबट वासाची, काळपट-हिरवट दाण्यांची भगर ‘उन्हं दाखवून’ वापरू नका. उन्हानं ओल जाते, विष जात नाही. राहिलेली भगर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. भिंतीला टेकलेल्या पोत्यात नको. उपास संपल्यावर उरलेलं पाकीट पुढच्या वर्षासाठी जपणाऱ्या बायाबापड्यांची काटकसर मला कळते, पण इथं ती कामाची नाही.

आता सप्त्याचं. गावोगाव घराघरांतून शिधा गोळा होतो. कुणी किलो भगर देतं, कुणी शेंगदाणे. शंभर घरांची भगर एका कढईत पडते, आणि त्यातल्या चार घरांची जुनी निघाली की सगळी कढई गेली. सप्ताह कमिट्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की भगर गोळा करू नका, पैसे घ्या आणि एकाच ठिकाणाहून ताजी बंद पाकिटं आणा.

दुसरी भानगड वेळेची. सकाळी भगर-आमटी शिजते, कीर्तन लांबतं, पंगत रात्री बसते. मधल्या काळात मोठ्या कढईतलं अन्न तासन्‌तास कोमट राहतं. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा पट्टा जंतूंच्या वाढीचा. शिजवलेलं अन्न त्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उकळीतही तग धरणारे काही जंतू असतात, ते थंड होत जाणाऱ्या अन्नात पुन्हा वाढतात. वाढप्याच्या बोटावरच्या चिघळलेल्या जखमेतूनही जंतू अन्नात उतरतात. यातले काही जे विष सोडतात ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून कीर्तन उरकत आलं की मगच कढई चढवा, वाढताना अन्नातून वाफ निघत असू द्या. घरीही तेच: सकाळची भगर संध्याकाळी गरम करून खाऊ नका. आणि प्रसादाला नाही कसं म्हणायचं, असं वाटत असेल तर चिमूटभर घेऊन कपाळाला लावा. पोटभर खाल्ला तरच प्रसाद, असं कुठल्याही महाराजांनी सांगितलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

बुरशीचा विषय निघालाच आहे तर मक्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण कन्नड तालुक्यात तो घरोघर आहे. परतीच्या पावसात सापडलेली कणसं ओलीच ढिगाला लागतात आणि आतून काळी-हिरवी होतात. 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात असाच भिजलेला मका लोकांनी खाल्ला. काविळीची साथ आली म्हणून तपास झाला, तर मक्यातलं अफ्लाटॉक्सिन निघालं. 106 माणसं गेली. अलीकडे, ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस, मध्य प्रदेशातल्या बांधवगडच्या जंगलात 10 हत्ती मेले, ते बुरशी लागलेलं कोदो हे धान्य खाऊन. आपण मका विकतो, खात नाही, असं म्हणाल. पण बाजारात न चालणारा काळा मका गाई-म्हशीपुढे टाकतो, आणि त्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो. दूध कितीही उकळा. असा मका गोठ्यात नेऊ नका, खड्ड्यात पुरा. चांगला मका दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवूनच भरा. शेंगदाण्यालाही हेच: कडू लागलेला दाणा थुंका, कुटात घालू नका.

एवढं करूनही कुणाला त्रास झालाच, तर उलटी-जुलाब सुरू होताच पाणी तोडू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोट घोट पाजत राहा. जुलाब थांबवायची गोळी मनानं देऊ नका. थरथर, गुंगी, रक्ताचे जुलाब, लघवी बंद होणं, किंवा त्रास लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस यांना असेल, तर सकाळची वाट न पाहता सरकारी दवाखाना गाठा किंवा 108 ला फोन करा. एकाच जेवणानंतर दोघं-तिघं आजारी दिसले की आशाताईंना लगेच कळवा, म्हणजे बाकीच्यांच्या ताटातलं थांबवता येईल. उरलेली भगर घाबरून उकिरड्यावर फेकू नका, जनावरांनाही घालू नका. पाकिटासकट वाटीभर बांधून वेगळी ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या 1800222365 या मोफत क्रमांकावर सांगा. तपासायला नमुना असला तर ते पोतं कुठल्या गिरणीतून निघालं आणि अजून कुठल्या दुकानांत उतरलं, तिथपर्यंत पोचता येतं.