शोधयंत्रांतील आमच्या तांदुळाची पैसेवारी

गेल्या सभेंत आमच्या सोसायटीच्या संकेतस्थळाचा प्रश्न निघाला व त्यावर बराच वेळ चर्चा झाली, हें उपस्थित सभासदांच्या स्मरणांत असेलच. शहरांतील एका कंत्राटदारास आपण वर्षभर दरमहा रक्कम देत आलों व त्याच्या मोबदल्यांत दर महिन्यास एक रंगीत अहवाल घेत आलों. त्या अहवालांत प्रत्येक वेळीं एकच गोष्ट ठळक अक्षरांत असते. ती ही कीं, गूगलवर आपली सोसायटी पहिल्या क्रमांकावर आहे. कंत्राटाची मुदत आतां संपत आली असून तें पुढें चालवावें, असें कांहीं सभासदांचें मत दिसलें. आमचें मत याच्या उलट आहे व तें कां, हें थोड्या विस्तारानें सांगण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी.

पहिला क्रमांक खरा आहे. त्यांत लबाडी नाहीं. परंतु तो कोणत्या शब्दांस मिळाला, हें सभेंत कोणीं विचारलें नाहीं. अहवालाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत तें दिलेलें आहे: आपल्या सोसायटीचें पूर्ण नांव. ज्या गृहस्थास आपलें पूर्ण नांव ठाऊक आहे, त्यास आपलें घर अगोदरच सांपडलेलें आहे. आपणांस हवा तो पुण्याचा अगर नागपूरचा ग्राहक, ज्यास चांगला एचएमटी तांदूळ थेट शेतकऱ्याकडून घ्यावयाचा आहे व ज्यानें सिंदेवाहीचें नांवहि ऐकलेलें नाहीं. तो काय लिहून शोधतो व त्यास आपण दिसतों कीं नाहीं, याविषयीं अहवाल मुका आहे.

सभेंत दोघातिघांनीं खिशांतून फोन काढून तेथल्या तेथें तांदूळ शोधून दाखविला व आपलें स्थळ वरच आहे असें सांगितलें. हा पुरावा आम्हांस मान्य नाहीं. फोन कोठें आहे हें शोधयंत्रास समजतें, पूर्वीं काय पाहिलें याचीहि नोंद त्याजपाशीं असूं शकते, व त्याप्रमाणें उत्तरांचा क्रम बदलतो. सिंदेवाहींत बसून, रोज आपलेंच स्थळ उघडणाऱ्या फोनवर तें वर दिसावें यांत नवल तें काय? आम्हीं नोकरीचीं सारीं वर्षें महसूल खात्यांत काढलीं. आपल्याच बांधीच्या धुऱ्यावर उभें राहून साऱ्या शिवाराची पैसेवारी सांगणारे पुढारी आम्हीं पुष्कळ पाहिले. खरी पैसेवारी निरनिराळ्या शेतांत प्लॉट पाडून, पीक कापून, मळून व तोलून मग कागदावर येते.

पीक कापणी प्रयोगासारखें साधन या बाबतींतहि आहे, आणि तें फुकट आहे. गूगल सर्च कन्सोल असें त्याचें नांव. स्थळ आपल्या मालकीचें आहे हें प्रथम सिद्ध करावें लागतें. त्याकरितां गूगलनें दिलेली एक खूण स्थळावर अगर डोमेनच्या नोंदींत ठेवावयाची असते. हें झालें कीं, कोणते शब्द लिहिले असतां आपलें पान दिसलें, किती वेळां दिसलें, किती वेळां उघडलें गेलें व सरासरी कितव्या क्रमांकावर होतें, हें सारें वाचावयास मिळतें. फार थोड्यांनीं विचारलेले शब्द, विचारणाऱ्याची ओळख लागूं नये म्हणून, यादींतून गाळलेले असतात. म्हणून यादीची बेरीज एकूण आंकड्याशीं जुळत नाहीं. आमच्यासारख्या कारकुनास ही गोष्ट प्रथम फार खटकली.

भाच्याच्या मदतीनें आम्हीं ही नोंद उघडविली व चार संध्याकाळीं तीच वाचीत बसलों. नुसत्या ‘एचएमटी’ या शब्दावर आपलें पान दिसतें, पण फार खालीं, आणि तेथें तें कोणीं उघडलेलें नाहीं. याचें कारण या जिल्ह्यांतील माणसास सांगावयास नको. शेजारच्या नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं आपल्या शेतांतील पटेल-३ जातीच्या धानांत निराळ्या लोंब्या हेरल्या, त्या वेगळ्या राखल्या व पुढें कित्येक वर्षें निवड करीत हें वाण सिद्ध केलें. त्या काळीं लोकप्रिय असलेल्या घड्याळाचें नांव त्यास मिळालें. त्या नांवानें वाण गांवोगांव गेलें. आज तेंच नांव आडवें येतें, कारण नुसतें एचएमटी म्हटलें कीं यंत्र घड्याळें दाखवूं लागतें. त्यास गांवाचें नांव जोडावें तर मराठवाड्यांतील नांदेड पुढें येतें! अकोल्याच्या कृषि विद्यापीठाचें पीकेव्ही-एचएमटी हेंहि नांव यादींत आहे, परंतु तें लिहिणारा बहुधा बियाणें शोधणारा शेतकरी असतो. तो तांदुळाचा गिऱ्हाईक नव्हे.

ज्यांस तांदूळ हवा आहे ते भाव विचारतात, नवा कीं जुना हें विचारतात, पोत्याचें वजन व घरपोंच मिळेल काय हें विचारतात. कोणी मराठींत लिहितो, कोणी इंग्रजी अक्षरांत, कोणी तिन्ही अक्षरें सुटीं लिहितो. आणि प्रत्येक लिखाणाची नोंद स्वतंत्र होते. या विचारणांस उत्तर देणारी एकहि ओळ आपल्या स्थळावर नाहीं. पानाचा मथळा ‘आमचीं उत्पादनें’ असा आहे. भावपत्रक कागदावर लिहून त्याचें छायाचित्र चिकटविलेलें आहे, आणि छायाचित्रांतील अक्षरें यंत्र वाचीलच असा भरंवसा धरतां येत नाहीं. खोब्रागडे २०१८ च्या जूनमध्यें वारले. ज्या माणसाच्या निवडीवर आपला हा सारा व्यवहार चालतो, त्याचें नांव आपल्या स्थळावर कोठेंच नाहीं, ही गोष्ट आम्हांस शोधयंत्राच्या हिशेबापेक्षां अधिक लागली.

आतां आंकडे वाचण्याविषयीं थोडें. सरासरी क्रमांकावर जाऊं नये. एका बांधींत सोळा आणे पीक व दुसरींत चार आणे, तर सरासरी दहा आणे होते; पण दहा आण्यांची बांधी गांवांत कोठेंच नसते. उलट, नव्या शब्दांवर आपलें पान प्रथमच, अर्थात् खालच्या क्रमांकावर, दिसूं लागलें तर सरासरी बिघडते व प्रगतीच तोट्यासारखी दिसते. म्हणून एकेक शब्द वेगळा पाहावा. तसेंच जूनचा आंकडा जानेवारीशीं ताडूं नये. नवें धान भरडून झाल्यावरची विचारणा व रोवणीच्या दिवसांतली विचारणा सारखी कशी असेल? गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशीं ताडावें. कन्सोलमध्यें सोळा महिन्यांचीच नोंद राहते, त्यामागची पुसली जाते. म्हणून दर महिन्यास ती उतरून ठेवणें अवश्य आहे.

पैसे देऊन घेतलेलीं क्रमांक मोजण्याचीं यंत्रें निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. दुसऱ्या विक्रेत्यांचें स्थान त्यांत पाहतां येतें, तें कन्सोलमध्यें दिसत नाहीं. परंतु तीं गूगलला बाहेरून प्रश्न विचारून अंदाज बांधतात. २०२५ च्या सप्टेंबरांत गूगलनें एका पानावर शंभर उत्तरें मागण्याची सोय बंद केली, तेव्हां हीं यंत्रें अडखळलीं, आणि त्याच सुमारास पुष्कळ स्थळांच्या दिसण्याचे आंकडेहि एकाएकीं उतरले. त्या दिसण्यांत बराच भाग अशा यंत्रांच्याच फेऱ्यांचा होता, असा जाणकारांनीं निष्कर्ष काढला. शेत पाहावयास आलेल्या मोजणीदारांचींच पावलें गिऱ्हाइकांचीं म्हणून मोजलीं गेलीं म्हणावयाचीं. शिवाय हल्लीं गूगल कित्येक प्रश्नांचें उत्तर स्वतःच वर लिहून देतें. मग पान दिसलें तरी उघडलें जात नाहीं. तेव्हां दिसण्याची बढाई मारण्यांत अर्थ उरलेला नाहीं. किती जण आले व त्यांतील किती जणांनीं तांदूळ मागविला, हें सोसायटीच्या विक्रीवहीशीं ताडून पाहावें.

आमची सूचना अशी कीं, कंत्राट या मुदतीनंतर बंद करावें. डोमेन व कन्सोलची मालकी कोणाच्या नांवें आहे हें सचिवांनीं आधीं पाहून घ्यावें, व ती सोसायटीच्या नांवें नसेल तर तशी करून घेतल्याखेरीज शेवटचें देयक चुकवूं नये. वांचलेल्या रकमेंतून भाव, वजन, भरडल्याचा महिना व वाहतूक यांची माहिती मराठींत व इंग्रजींत नीट अक्षरांनीं लिहवून घ्यावी, आणि एक पान खोब्रागडे यांच्या निवडीच्या हकीकतीस द्यावें. दरमहा पहिल्या तारखेस आंकडे उतरून वही ठेवण्याचें काम आम्ही विनामूल्य करूं. पहिल्या महिन्याचीं पानें भरून झालीं आहेत. तीं कार्यालयांत ठेवलीं असून कोणाहि सभासदास पाहतां येतील.